चम्मकचा ताम्रपट आणि शिक्षकाच्या वृत्तीची अट

शिक्षणाचा हेतु काय, असा प्रश्न कोणीं विचारला तर उत्तरांचा तुटवडा पडत नाहीं. पदवीदानाचीं भाषणें, आयोगांचे अहवाल आणि पाठ्यपुस्तकांच्या प्रस्तावना ह्यांत चारित्र्य, ज्ञान, उद्योग व देशसेवा हे शब्द इतक्या वेळां आले आहेत कीं, त्यांची धार आतां बोथट झाली आहे. इतिहासाच्या अभ्यासकानें अशा उद्घोषांपेक्षां दस्तऐवजांकडे आधीं वळावें. ज्यानें शिक्षकाच्या पोटाची सोय केली त्यानें त्या सोयीला कोणती अट जोडली, हें पाहिलें म्हणजे त्या काळाला शिक्षणापासून खरोखर काय हवें होतें तें कळूं लागतें. वृत्ति देणारा बोलतांना उदार असतो. लिहितांना तो सावध होतो, आणि त्याची सावधगिरी अटींत उतरते. ह्या दृष्टीनें अचलपूरच्या परिसरांतील कांहीं साधनें आम्हीं पुन्हां वाचलीं. त्यांतून जें हातीं लागलें तें प्रस्तुत लेखांत मांडण्याचें योजिलें आहे.

अचलपुराच्या नैर्ऋत्येस सुमारें चार मैलांवर चमक, किंवा विद्वानांच्या लिखाणांत रूढ झालेलें चम्मक, हें गांव आहे. येथें १८६८ च्या सुमारास शेत नांगरतांना वाकाटक नृपति द्वितीय प्रवरसेन ह्याचा ताम्रपट सांपडला. फ्लीट ह्यांनीं तो गुप्त राजांच्या लेखसंग्रहांत १८८८ सालीं प्रसिद्ध केला, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनीं वाकाटकांच्या लेखसंग्रहांत १९६३ सालीं त्याचें नव्यानें संपादन केलें. प्रवरसेन हा दुसरा रुद्रसेन व प्रभावतीगुप्ता ह्यांचा पुत्र, म्हणजे गुप्तसम्राट् द्वितीय चंद्रगुप्त ह्याचा दौहित्र. ताम्रपट प्रवरपुराहून, राज्याच्या अठराव्या वर्षीं, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस दिलेला आहे. भोजकट राज्यांत मधुनदीच्या तीरावर असलेलें चर्मांक नांवाचें गांव, राजमापानें आठ हजार भूमि, शत्रुघ्नराजाचा पुत्र कोण्डराज ह्याच्या विनंतीवरून, निरनिराळ्या गोत्रांच्या व चरणांच्या एक हजार ब्राह्मणांस दान दिल्याचें त्यांत नमूद आहे. चर्मांक म्हणजेच आजचें चमक, ह्याविषयीं विद्वानांत मतभेद नाहीं. संख्या हजार सांगितली असली तरी पटांत प्रत्यक्ष नांवें आढळतात तीं एकूणपन्नास.

हें दान विद्येच्या वृत्तीचें आहे काय, असा प्रश्न कोणी उपस्थित करील तर तो रास्त आहे. पटांत पाठशाळेचा उल्लेख नाहीं. विद्यार्थ्यांची संख्या नाहीं. अध्यापनाचे तास अर्थातच नाहींत. परंतु चार वेद जाणणाऱ्यांच्या गांवास जी मर्यादा शोभते ती मर्यादा ह्या गांवास लागू केली आहे, असें राजा स्पष्ट म्हणतो. त्या काळीं वेदाची शाखा पुढच्या पिढीच्या कंठीं उतरविणें हें त्या शाखेच्या ब्राह्मणाचें कामच होतें; अध्ययन व अध्यापन हीं दोन्हीं त्याच्या विहित कर्मांत येतात. तेव्हां अग्रहार हा शाळा नसला तरी शाळेचा पाया होता, एवढें म्हणण्यास हरकत नसावी.

आतां सवलती व अटी पाहूं. गांवांत राजाचे सैनिक व कारभाऱ्यांचे जासूद शिरणार नाहींत. गाईबैल, दूध, फुलें, चारा, कातडीं, कोळसा, मीठ ह्यांवरचे राजाचे हक्क येथें चालणार नाहींत. वेठ मागितली जाणार नाहीं. पुरलेलें धन व ठेवे हेहि गांवाकडेच राहतील. एवढें दिल्यावर राजा अट घालतो. दान चंद्रसूर्य असेतोंवर चालेल. मात्र धारकांनीं सप्तांग राज्याशीं द्रोह करूं नये, ब्रह्महत्या, चोरी, परदारागमन, राजास विषप्रयोग अशीं कृत्यें करूं नयेत, युद्ध करूं नये, आणि इतर गांवांना उपद्रव देऊं नये. ह्याविरुद्ध कोणी वागेल, किंवा असल्या वर्तनास संमति देईल, तर तें गांव परत घेणाऱ्या राजास चोरीचें पाप लागणार नाहीं.

ह्या अटींचा ज्यांनीं आजवर विचार केला त्यांनीं बहुधा राजसत्तेच्या अंगानें केला. राजाला बलाढ्य अग्रहारांचें भय वाटत होतें कीं काय, दान काढून घेण्याचा अधिकार त्यानें कसा राखून ठेविला, इत्यादि प्रश्न महत्त्वाचे आहेतच. आम्ही शाळेंत आयुष्य घालविलेले. आमचें लक्ष दुसऱ्याच एका गोष्टीकडे गेलें. अटींची सगळी यादी वाचली तरी तींत विद्येविषयीं एक अक्षरहि नाहीं. कोणती शाखा पढवावी, किती वर्षें पढवावी, राजाची स्तुति किती करावी, ह्यांपैकीं कशाचाहि निर्देश नाहीं. राजा आचरणावर मर्यादा घालतो. ज्ञानाच्या वाटेला जात नाहीं. आणखी एक बारकावा आहे. इतर गांवांना उपद्रव देऊं नये, ही अट धारकाला शेजाऱ्याशीं बांधते. आपण विद्वान् आहों, आपल्याला राजाचें पाठबळ आहे, म्हणून शेजारच्या गांवावर दांडगाई केली तर विद्वत्ता बचावास येणार नाहीं, असा तिचा अर्थ आहे.

असें असलें तरी ह्या पटाचें केवळ कौतुक करून थांबणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. एकूणपन्नास धारकांचीं नांवें तांब्यावर कोरलीं. ज्यांच्या श्रमावर ते जगणार होते त्या नांगरधारकांपैकीं एकाचेंहि नांव नाहीं. आठ हजार भूमि कोणीं कसली? सरकारी वेठ बंद झाली, तिचा लाभ कसणाऱ्याला झाला, कीं ती वेठ धारकाच्या दारीं गेली? ह्यांचें उत्तर पट देत नाहीं. शिवाय जी विद्या ह्या वृत्तीवर पोसली जाणार होती तिच्या श्रवणाचा अधिकार त्या कसणाऱ्याच्या मुलाला धर्मशास्त्रानें दिलेला नव्हता. म्हणजे ज्याच्या घामावर विद्या उभी राहिली त्यालाच ती बंद होती. दीड हजार वर्षांनीं तो पट उजेडांत आणला तो नांगराच्या फाळानेंच, ही गोष्ट आम्हांस विसरतां येत नाहीं. राजानें धारकावर पुष्कळ अटी घातल्या. कसणाऱ्याच्या ऋणाची अट मात्र घातली नाहीं.

वृत्तिदात्याचा हेतु विद्येच्या हेतूहून निराळा असला म्हणजे काय घडतें, ह्याचें मार्मिक चित्र कालिदासाच्या मालविकाग्निमित्रांत आहे. त्या नाटकाचा संबंध विदर्भाशींच आहे. नायिका विदर्भराजकुलांतील, आणि शेवटीं वरदेच्या, म्हणजे वर्धा नदीच्या, दोन तीरांवर राज्याची वांटणी होते. पहिल्या अंकांत गणदास व हरदत्त ह्या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, असा तंटा उभा राहतो. आचार्य स्वतः विद्वान् असणें वेगळें आणि ती विद्या दुसऱ्याच्या ठायीं उतरवितां येणें वेगळें. हीं दोन्हीं ज्याच्यापाशीं तोच आचार्यांत अग्रगण्य, असा निकष परिव्राजिका सांगते. शिक्षकाच्या योग्यतेचें ह्याहून नेमकें लक्षण आमच्या पाहण्यांत नाहीं. गणदासहि तेजस्वी आहे. ज्याची विद्या निव्वळ पोट भरण्यापुरती, तो विद्येचा वाणी, अशा आशयाचें त्याचें उत्तर प्रसिद्धच आहे.

परंतु प्रसंग नीट पाहावा. परीक्षा ठरते ती शिष्येच्या प्रयोगावरून. आणि ही सगळी उठाठेव विदूषकानें रचलेली असते, कां कीं राजाला चित्रांत पाहिलेली मालविका प्रत्यक्ष पाहावयाची आहे. ह्यांना फुकट वेतन कां द्यावें, एडक्यांची झुंज तरी पाहूं, अशा अर्थाचें विदूषकाचें बोलणें आचार्यांना डिंवचण्यासाठींच आहे. राणीला डाव कळतो. गणदासाला कळत नाहीं. तो आपल्या विद्येच्या अभिमानानेंच जाळ्यांत सांपडतो. शिष्येची कला उत्तम ठरते, गुरूचा मान राहतो, पण परीक्षा ज्यासाठीं घेतली तो हेतु विद्येचा नव्हताच. परीक्षा कोण घेतो आणि कशासाठीं घेतो, हें न विचारणारा शिक्षक कितीहि गुणी असला तरी दुसऱ्याच्या कामीं येतो, असा ह्या अंकाचा बोध आम्ही घेतों.

तेराव्या शतकांत ह्याच भागांत शिक्षणाचा एक अगदीं निराळा प्रयोग झाला. अचलपुराच्या पूर्वेस रिद्धपूर आहे. तेथें गोविंदप्रभु राहिले, आणि चक्रधरांच्या पश्चात् त्यांचे शिष्य तेथेंच एकत्र आले. म्हाइंभट हे संस्कृत शास्त्रांत निष्णात पंडित; परंतु गुरूच्या आठवणी गोळा करावयाच्या ठरल्या तेव्हां ते ज्यानें जें पाहिलें ऐकिलें त्याच्याकडे जाऊन विचारीत राहिले. बायकांना विचारिलें, साध्या माणसांना विचारिलें, आणि लीळाचरित्र मराठींत सिद्ध केलें. केशिराज हेहि संस्कृतज्ञ. संस्कृतांत ग्रंथरचना करण्याचा त्यांचा मनोदय नागदेवाचार्यांनीं थांबविला. त्यायोगें आपल्या म्हाताऱ्या बाया नागवल्या जातील, हें त्याचें कारण सांगितलें, असें स्मृतिस्थळावरून दिसतें.

येथें वृत्ति नव्हती, ताम्रपट नव्हता, भिक्षान्न होतें. राजानें अट घातली नव्हती; ती आचार्यांनीं स्वतःच स्वतःवर घातली. शिकणाऱ्यांत जी सर्वांत मागें आहे तिला कळेल तीच भाषा, असें तिचें स्वरूप होतें. चर्मांकाच्या पटांत जी उणीव आम्हांस दिसली ती भरून काढण्याचा हा पहिला यत्न म्हणतां येईल. पुढें ह्याच पंथाचे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद झाले आणि कित्येक शतकें बाहेरच्या वाचकाला दुर्मिळ राहिले, हेंहि सांगितलें पाहिजे. डॉ. वि. भि. कोलते ह्यांनीं संपादिलेली लीळाचरित्राची प्रत १९७८ सालीं निघाली. दार उघडणाऱ्याच्याच हातून दार पुन्हां लागतें, असा इतिहासाचा अनुभव आहे. म्हणून अट एकदां घालून भागत नाहीं, ती प्रत्येक पिढीला नव्यानें पाळावी लागते. रिद्धपूर येथें आतां मराठी भाषेचें विद्यापीठ निघालें आहे. त्याच्या चालकांनीं म्हाइंभटाची ही रीत दृष्टीपुढें ठेविली तर स्थळाचें नांव सार्थ होईल.

वऱ्हाड १८५३ च्या तहानें निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत आला. पुढच्याच वर्षीं, १८५४ सालीं, वुडचा खलिता निघाला आणि खाजगी शाळांस सरकारी साहाय्य देण्याची पद्धति सुरू झाली. साहाय्याबरोबर तपासणी आली. तपासणीबरोबर निकालाच्या मानानें पैसे देण्याची कल्पनाहि रुजली, आणि १८८२ च्या हंटर आयोगानें प्राथमिक शाळांसाठीं तिचा पुरस्कार केला. मुलें किती उत्तीर्ण झालीं त्यावर मास्तरची भाकरी ठरावयाची, ही चर्मांकाच्या नेमकी उलट रीत होय. तेथें ज्ञान मोकळें व आचरण बांधलेलें. येथें ज्ञान मोजून मापून घेतलेलें, आणि शिक्षकाचें लक्ष मुलाच्या तोंडाकडून तपासनिसाच्या वहीकडे वळविलेलें.

ह्या आयोगापुढें जोतीराव फुले ह्यांनीं जें निवेदन सादर केलें तें शिक्षणाच्या इतिहासांत फार मोलाचें आहे. निकालावर पैसे ही पद्धति गरीब व अज्ञ लोकांत विद्येचा प्रसार करण्यास निरुपयोगी आहे, कारण त्यांच्यांत शिक्षणाची गोडीच अजून उत्पन्न झालेली नाहीं, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. शिक्षक शेतकरी वर्गांतून यावे, त्यांना वेळप्रसंगीं नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस धरण्याची लाज वाटूं नये, शिक्षण घेतलेल्या शिक्षकास दरमहा निदान बारा रुपये आणि मोठ्या गांवीं पंधरा वा वीस रुपये मिळावे, अशी त्यांची मागणी होती. ह्यांत पगाराची मागणी व नांगराची मूठ हीं एकाच दमांत आलीं आहेत, हें लक्षांत घ्यावें. शिक्षकाला सन्मानानें जगतां यावें आणि तो कसणाऱ्याला परका असूं नये, ह्या दोन अटी फुले एकत्र मांडतात. चर्मांकाच्या पटांत जी ओळ कोरावयाची राहिली ती ओळ ह्या निवेदनांत लिहिली गेली, असें आम्ही समजतों.

ती ओळ वऱ्हाडांत अमलांत आणणाऱ्यांत डॉ. पंजाबराव देशमुख ह्यांचें नांव अग्रभागीं येतें. अमरावती जिल्ह्यांतील पापळ येथें १८९८ सालीं एका शेतकऱ्याच्या घरीं त्यांचा जन्म झाला. विलायतेस जाऊन त्यांनीं वैदिक वाङ्मयांतील धर्माची उत्पत्ति व विकास ह्या विषयावर प्रबंध लिहिला. ऑक्सफर्डच्या मुद्रणालयानें तो १९३३ सालीं प्रसिद्ध केला. ज्या विद्येचें श्रवण कसणाऱ्याच्या मुलाला एके काळीं वर्ज्य होतें त्याच विद्येचा पंडित कसणाऱ्याच्या घरांतून निघाला. आणि पंडित होऊन तो ग्रंथालयांत बसून राहिला नाहीं. अमरावतीस त्यांनीं श्रद्धानंद छात्रालय काढून निरनिराळ्या जातींच्या मुलांना एका छपराखालीं आणिलें. १९३२ सालीं श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या मंत्रिमंडळांत शिक्षण व शेती हीं दोन्हीं खातीं सांभाळिलीं, आणि पुढें १९५२ पासून दहा वर्षें केंद्रांत ते कृषिमंत्री होते. शिक्षण आणि शेती हीं खातीं एका हातीं आलीं, ह्यांत योगायोगाचा भाग असेल. पण त्यांच्या कार्यांत तीं दोन नव्हतीं. आमच्या वर्गांत वर्षानुवर्षें बसलेलीं बहुतेक मुलें नांगरधारकांचींच होतीं, आणि त्यांना शब्दरूपें सांगतांना ही परंपरा आमच्या मनांत असे.

आतां आजच्या अटींकडे वळूं. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिनियम २००९ सालीं संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याचें २७ वें कलम म्हणतें कीं, जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका हीं कामें सोडून शिक्षकास शिक्षणेतर कामास लावूं नये. २८ वें कलम शिक्षकाला खाजगी शिकवणी मना करतें. संस्कृतज्ञाला ह्या दोन कलमांत जुने ओळखीचे चेहरे दिसतात: पहिल्यांत वेठीपासूनची सूट, दुसऱ्यांत विद्येच्या वाण्याचा निषेध. सूट दिली आहे खरी, पण तिच्यांतील अपवाद इतके ऐसपैस आहेत कीं, मतदारयादी व गणनेची वही हातीं घेऊन दारोदार फिरणारा मास्तर आपल्या वाचकांनीं पाहिलेला असेलच. दुसरीकडे, महाराष्ट्रांत २००० सालापासून नव्या शिक्षकाला पहिलीं तीन वर्षें शिक्षणसेवक म्हणून ठराविक मानधनावर काम करावें लागतें. पद आचार्याचें आणि नांव सेवकाचें, ह्यांत आम्हांस वावगें वाटत नाहीं. सेवा हा मोठा शब्द आहे. परंतु पूर्ण काम घेऊन अपुरें वेतन देण्यासाठीं मोठा शब्द वापरला जातो तेव्हां त्याची धार बोथट होते, आणि मुलांना शब्दांची धार शिकविणें हेंच ज्याचें काम त्याच्याच बाबतींत तें घडावें, हें शोचनीय आहे.

ह्या सर्व साधनांवरून आमचा निष्कर्ष असा. शिक्षकाच्या वृत्तीला तीन बाजूंनीं अट लागते. पहिली आचरणाची. ती घालण्याचा अधिकार वृत्ति देणाऱ्यास, मग तो राजा असो कीं लोकनियुक्त सरकार असो, निःसंशय आहे. आणि शिक्षकानें ती कुरकुर न करितां पाळावी. चोरी करणाऱ्या, शेजाऱ्यास पीडणाऱ्या विद्वानाची वृत्ति काढून घेणें ही चोरी नव्हे, हें पांचव्या शतकांत जितकें खरें होतें तितकेंच आजहि आहे. दुसरी अट विद्येवरची. मुलांनीं साधारणपणें काय शिकावें हें समाजानें ठरविण्यास प्रत्यवाय नाहीं. परंतु समोरच्या मुलाला तें कसें उमगेल, कोठें थांबावें, कोणता प्रश्न वाढूं द्यावा, हें शिक्षकावांचून कोणालाहि ठरवितां येणार नाहीं. तेथें वृत्तिदात्यानें मधें पडूं नये, आणि पडला तर शिक्षकानें निदान परिव्राजिकेचा निकष कोणता व विदूषकाचा डाव कोणता एवढें ओळखावें. तिसरी अट ऋणाची. ज्याच्या श्रमावर शाळा चालते त्याचें मूल शेवटच्या बांकावर राहिलें तर वर्गाचा निकाल कितीहि उजळ असो, ऋण फिटलेलें नाहीं. ही अट कोणत्याहि ताम्रपटांत, खलित्यांत वा अधिनियमांत पुरती उतरवितां येत नाहीं. ती नागदेवाचार्यांप्रमाणें शिक्षकानें स्वतःवर घालून घ्यावयाची असते. शिक्षणाचा हेतु ह्याहून वेगळ्या शब्दांत सांगण्याची गरज आम्हांस वाटत नाहीं.

शेवटीं अभ्यासकांस व वाचकांस एक विनंति. प्राचीन दानपत्रांचें संशोधन चांगलें झालें आहे. परंतु गेल्या दीडशें वर्षांत अचलपूर, परतवाडा, दर्यापूर, अंजनगांव, मोर्शी ह्या भागांत ज्या शाळा चालल्या त्यांचीं कागदपत्रें झपाट्यानें नाहींशीं होत आहेत. जुन्या मास्तरांचे नेमणुकीचे हुकूम, पगाराच्या पावत्या, तपासनिसांचे शेरे असलेल्या वह्या, मुलांच्या दाखल्यांचीं बुकें हीं अद्याप कित्येक घरांच्या माळ्यांवर पडून असतील; रद्दींत जाण्यापूर्वीं तीं जपून ठेवावीं, त्यांच्या नकला करवून संशोधन मंडळाकडे पोंचत्या कराव्या. एखाद्या खेड्यांतल्या मास्तरला १९१० सालीं किती रुपये मिळत, त्याला कोणत्या कारणासाठीं दंड झाला, त्याच्या पटावर कोणकोणत्या घरांचीं मुलें होतीं, हें कळलें म्हणजे त्या काळच्या शिक्षणाचा हेतु आपणांस कळेल. चर्मांकाच्या धारकांचीं नांवें तांब्यावर होतीं म्हणून टिकलीं. ह्या मास्तरांचीं व त्यांच्या विद्यार्थ्यांचीं नांवें कागदावर आहेत, आणि कागदाला वाळवी लागते.